बोलोन्यातला वरणभात

बॅगेची चेन कर्रकन वाजली आणि सकाळपासूनचा अबोला सोडून शमिका आईजवळ सरकली. या पाच वर्षांच्या लेकीला दहा दिवस सासूबाईंजवळ ठेवून मृदुला रत्नागिरीतल्या कॉलेजच्या मुलांना इटलीची संस्कृती दाखवायला घेऊन गेली होती, ती आज पहाटे परतली होती. आणि पालकांनी सोबत धाडला आपला आचारी! “काय सांगू आई,” ती सासूबाईंना चिडून म्हणाली, “बोलोन्या शहरातल्या एका आजीबाईंनी आम्हा वीसजणांसाठी हाताने पास्ता लाटून टेबल मांडलं. तर ऐनवेळी इथून पालकांचे फोनवर फोन, ‘मॅडम, आमच्या बाबूला तिकडचं सोसायचं नाय हो!’ शेवटी त्यांच्या दारात बस उभी, आणि बसमध्ये आम्ही आचाऱ्याचा वरणभात जेवतोय!” “बरं झालं, कुणाचं पोट नाही बिघडलं,” सासूबाई म्हणाल्या. ‘यासाठी का लेकीला रडवलं?’ मृदुला मनात धुमसली. शमिका कुशीत शिरली. “आई गो, मग त्या आजीने सगळं एकटीनेच खाल्लं?”