दगडापाशी ठेवलेला चाकू

युद्धावरून परतताना दसरूने आणलेल्या चाकूत पातं, पेचकस, टोच्या असं सगळं मिटून बसायचं. कुरखेड्यापलीकडच्या जंगलातल्या त्या गावातल्या छत्र्या, कंदील, कुलपं त्याच चाकूने दुरुस्त व्हायची. दसरू वारला. रिवाजाप्रमाणे त्याच्या वस्तू गावाबाहेर त्याच्या आठवणीत उभ्या केलेल्या दगडापाशी ठेवल्या, चाकूसुद्धा. त्या परत आणायच्या नसतात. महिन्याभरात घरोघरी मोडक्या वस्तू साचल्या. दसरूची बायको बुधनी म्हणाली, "चाकू घरी आणाचा नाई, पण काम तिथं न्याले कोण अडवते?" गावपुजारी भडकला, "हात लावसान तर दसरू मांगं लागन!" लोक तरीही गेले. दगडापाशी बसून दुरुस्ती करायची, चाकू पुसून, मिटून तिथेच ठेवायचा. श्रावणात पुजारीच मोडकी छत्री घेऊन आला. बुधनी कंदिलाचा पेच आवळत होती. तिने सरकून जागा दिली आणि दसरूच्या दगडाकडे बोट केलं. "बसा भाऊ. आधी माहा कंदील करून राह्यला तो."