पूरा संसार

जुन्या, दुर्मीळ पुस्तकांसाठी योगिनी हाताने जॅकेटं, म्हणजे वरची वेष्टणं, रंगवायची. लग्न होऊन सांगलीहून भोपाळला आल्यावरची ही पहिलीच मागणी. जुनी पुस्तकं जमवणाऱ्या माथुरसाहेबांनी फोनवर सांगितलं होतं, “बेटी, कवर पर पूरा संसार दिखना चाहिए.”

योगिनीने त्यात जीव ओतला. गॅसवर उतू चाललेलं दूध, फळीवरचे डबे, दोरीवर एकमेकांना चिकटून वाळणारे दोघांचे कपडे.

माथुरसाहेब पत्नीला घेऊन योगिनीच्या अवधपुरीतल्या घरी आले. जॅकेट उलटूनपालटून पाहून म्हणाले, “पर्वत? सागर? इसमें संसार कहाँ है?”

“हा काय,” म्हणता म्हणता योगिनीने जीभ चावली. हिंदीत संसार म्हणजे अख्खं जग! पहिलंच काम हातचं जाणार, या धास्तीने ती पुटपुटली, “दूसरा बना देती हूँ.”

माथुरसाहेब मान डोलावणार, तोच त्यांच्या पत्नीने जॅकेट हातात घेतलं. “दूसरा किसलिए? उम्रभर मैं इसी संसार में तो रही. आप कभी आए नहीं क्या?”

माथुरसाहेबांनी पाकीट काढलं आणि ते योगिनीला म्हणाले,

“यही दे दो, बेटी. हमें घर भी तो जाना है.”