रेघ सरळ आहे

"इकडे ये. तुझी रेघ वाकडी आलीय," तिने नवऱ्याला फोनवर सांगितलं आणि फोन ठेवून दिला.

तो दोन खोल्या पलीकडे बसायचा. चिपचा नकाशा त्याच्या हाताखाली तयार व्हायचा आणि सगळ्यात शेवटी तिच्याकडे तपासायला यायचा. तिने हो म्हटलं की तो काचेवर कोरला जायचा. त्या काचेला सगळे मास्क म्हणत. मास्कमधून प्रकाश पाडून हजारो चिप छापायच्या. काचेवर चूक गेली की ती प्रत्येक चिपमध्ये उतरणार. म्हणून ती नकाशाचा एकेक थर स्क्रीनवर उघडून बघायची. तिच्या नजरेतून काही म्हणता काही सुटत नसे. ऑफिसात तिचं नावच भिंग पडलं होतं.

नवरा आला तो वैतागूनच. मास्कच्या कारखान्याला आज फाइल जायची होती.

"वाकडी कशी असेल? मी काय पट्टी-पेन्सिल घेऊन आखतो?"

"बघ की मग."

काळ्या स्क्रीनवर हिरव्या रेघा दाटीने उभ्या होत्या. तिने एकीवर बोट ठेवलं. "ही. इथे पोट आलंय हिला."

त्याने माऊस ओढून घेतला. रेघ मोठी केली, आणखी मोठी केली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सॉफ्टवेअरमधली मोजपट्टी लावली. आकडा आला शून्य.

"शून्य. वाच."

"आकडा गेला खड्ड्यात. मला दिसतंय ना!"

"माझं काम म्हटलं की तुला दिसतंच काहीतरी."

शेजारच्या टेबलांवरची टकटक थांबली. या दोघांची जुंपली की ऑफिसला तेवढीच करमणूक असायची.

त्याने नकाशा बाजूला सरकवला. "आता?"

"आता ही." तिचं बोट दुसऱ्याच रेघेवर होतं.

"मघाशी ती म्हणालीस."

"ती झाली सरळ. आता ही वाकलीय."

स्क्रीनच बिघडला असेल असं वाटून त्याने तोच थर शेजारच्या स्क्रीनवर टाकला. तिने मान तिरकी करून पाहिलं. "इथेही. बरोबर मधोमध."

"खाली कोपऱ्यात बघ जरा."

"अरेच्चा! आता कोपऱ्यातली वाकली," ती म्हणाली आणि तिला हसू आलं.

त्याला आलं नाही. त्याचा हात माऊसवर तसाच राहिला. तो स्क्रीनकडे बघायचा थांबला होता. तिच्या डोळ्यांकडे बघत होता.

"हो गं," तो हळूच म्हणाला. "वाकडीच आहे. माझंच चुकलं."

तिचं हसू ओसरलं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून हे वाक्य तिने ऐकलं नव्हतं. मुलीला भलत्याच स्टेशनवर उतरवलं तेव्हा नाही, गाडी फाटकावर घातली तेव्हा नाही; तेव्हाही चूक फाटकाची होती.

"काय म्हणालास?"

"चुकलं म्हटलं. मी करतो दुरुस्त. तू ऊठ, आपण घरी जाऊ."

"शून्य आला होता ना आकडा?"

"मोजपट्टी बिघडली असेल."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग स्क्रीनकडे वळून तिने तळहाताने डावा डोळा झाकला. सगळ्या रेघा ताठ उभ्या राहिल्या. हात उजव्या डोळ्यावर नेला. रेघा मधोमध फुगल्या, आणि फुगल्या होत्या तिथे आत एक करडा डाग होता. त्या डागात रेघच नव्हती. तिने हात पुन्हा इकडे नेला. पुन्हा तिकडे.

"आईचं असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली. "आधी एक डोळा गेला. मग दुसरा."

"लगेच तिथपर्यंत जाऊ नकोस. आता औषधं निघालीत. उद्या सकाळी आपण डॉक्टरकडे..."

फोन वाजला. त्याने हात पुढे केला, पण तिने आधी उचलला. कारखान्यातला माणूस फाइलचं विचारत होता.

"थोडं थांबा. देते," ती म्हणाली.

डावा डोळा झाकून तिने पहिल्यापासून सगळे थर पुन्हा पाहिले. घाई केली नाही. मोजपट्टी लावायची तिथे लावली. तो मागे उभा होता. एकदा त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिने तो काढला नाही आणि थांबलीही नाही. शेवटचा थर संपल्यावर तिने होकाराचं बटण दाबलं आणि कारखान्याला फोन लावला.

"पाठवलीय. हो, बघितलं सगळं. रेघा सरळ आहेत."

आवाज नेहमीचाच होता. फोन ठेवताना मात्र रिसीव्हर एकदा जागेवर बसला नाही, दुसऱ्यांदाही बसला नाही. शेवटी तिने तो टेबलावर नुसता आडवा ठेवला.

मग तिने खुर्ची वळवली. नवरा समोर होता. तिने उजव्या डोळ्यावर हात धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कान दिसतात तुझे," ती म्हणाली. "केस दिसतात. मधला तू कुठे गेलास रे?"

सगळं ऑफिस बघत होतं. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. डोकं जरा डावीकडे नेलं, मग उजवीकडे, मग खाली. कुठेतरी तिला सापडावं म्हणून.