विरोध असल्यास हात वर

यंत्र पुन्हा केकाटलं.

"काका, तुम्ही हात नाही, खांदा उचलून राहिले," गुंजन म्हणाली. ती धरमपेठेतल्या दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट. मारोतरावांच्या उजव्या खांद्याला तिनं चिकटपट्ट्या लावल्या होत्या. त्यांच्या वायरी समोरच्या पडद्याकडे गेल्या होत्या. मानेजवळच्या स्नायूनं लुडबुड केली की लाल रेघ उसळायची आणि यंत्र ओरडायचं. पाठीकडचा, फऱ्याच्या हाडाखालचा स्नायू कामाला लागला की हिरवी रेघ वर चढणार होती. ती अजून आडवीच झोपली होती.

"दुखतं का?"

मारोतरावांनी खांदे उडवले. यंत्र केकाटलं.

"घरी व्यायाम करता का?"

खांदे. यंत्र.

मारोतराव सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते. प्रश्न आला की खांदे उडवायचे, या एका व्यायामावर त्यांनी उभी नोकरी काढली होती. तो स्नायू पहिलवान झाला होता आणि बाकीच्यांना कामाला हात लावू देत नव्हता.

"आता तोंडानं बोला, काका. खांद्यानं नका बोलू."

प्रश्न सोसायटीच्या पुढल्या सभेचा होता. सक्करदऱ्यातल्या त्यांच्या सोसायटीत अध्यक्ष चंद्रभान ठराव वाचत, 'विरोध असल्यास हात वर करा' म्हणत, आणि मान वर न करता 'मंजूर' लिहून टाकत. ऐन मे महिन्यात फाटकावरचा पाण्याचा माठ काढून टाकायचा ठराव असाच मंजूर होऊन गेला. मारोतरावांचा मनातून विरोध होता. "पण हातच वर होत नाही, त करू काय?" असं त्यांनी घरी येऊन सत्यवतीबाईंना सांगितलं. बायकोलाही ते पटलं. खांदा खरोखरच आखडलेला होता.

या वेळचा ठराव होता, कामवाल्या बायांना लिफ्ट बंद.

मारोतराव चौथ्या मजल्यावर. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या पार्वतीबाईचे गुडघे कधीच गेले होते. "जिना माह्याच्यानं होत नाही, भाऊ. काम सोडा लागन मले. अन् या वयात दुसरं काम कोन देते?" ती म्हणाली, आणि भांडी घासत राहिली. मारोतराव त्याच संध्याकाळी गुंजनकडे गेले होते.

मग ते रोज पडद्यापुढे बसू लागले. चहा हवा का, पंखा लावू का, सगळ्याला तोंडानं उत्तर देऊ लागले. सुरुवातीला जीभही आखडलेलीच होती. लाल रेघ हळूहळू मवाळ झाली. एका सकाळी यंत्र चूप राहिलं आणि हिरवी रेघ उठून चालू लागली. मारोतरावांनी पाहिलं, तर त्यांचा हात डोक्याच्या वर होता. गुंजननं अशी टाळी वाजवली की बाहेर नंबर लावून बसलेले लोक आत डोकावले.

सभा झाली. चंद्रभाननी ठराव वाचला. "विरोध असल्यास हात वर करा," ते म्हणाले आणि लिहू लागले.

मारोतरावांनी मान सैल सोडली. खांदा खाली ठेवला. हात वर गेला. सरळ, निवांत, ताठ.

खोलीत इतकी शांतता पसरली की चंद्रभानना मान वर करावी लागली.

"काय झालं, मारोतराव? पाणी पाहिजे का?"

"नाही गा, चंद्रभान. विरोध आहे माझा."

तळमजल्यावरच्या इंदुताईंनी त्या हाताकडे पाहिलं आणि आपला वर केला. मग दुसऱ्या मजल्यानं केला. मग भिंतीजवळच्या सगळ्या खुर्च्यांनी. शेवटचा हात चंद्रभानच्या सौभाग्यवतींचा होता. सोसायटीत इतके खांदे आखडलेले आहेत, हे तोवर कोणाला माहीतच नव्हतं. ठराव पडला. जाता जाता इंदुताईंनी माठाचा विषय काढला, तर तोही परत आला.

दुसऱ्या दिवशी पार्वतीबाई मारोतरावांसोबत लिफ्टमधून वर निघाली. तिनं पदर सावरला. एक मजला गेला. दुसरा गेला.

"भाऊ, एक इचारू? डावा हात त तुमचा पहिलेपासूनच चांगला होता नं?"

मारोतरावांनी खांदे उडवायला घेतले. उडेनात. ती सवय गुंजननं मोडून टाकली होती.

"होता," मारोतराव तोंडानं म्हणाले.