बेल्टची शिटी

"ऐकू येतंय ना?" बेरमेतने विचारलं.

तोलोगोन बॉनेटखाली वाकला. इंजिन संथ चालू होतं. "काही नाही वहिनी. गाडी गप्प आहे."

"आता गप्पच बसेल, तापली ना. गार असताना बघ, कशी शिट्या मारते. तू डायनामो बदललास तेव्हापासून."

तोलोगोनला ते लागलं. नारिन गावात त्याच्या गॅरेजमधून दुरुस्त होऊन गेलेली गाडी परत आलेली कुणी पाहिली नव्हती.

पुढच्या सीटवर बेरमेतचे सासरे, शेरमत आबा, बसले होते. काचेतून ते ओरडले, "मला विचारा की! मला तर काहीच ऐकू येत नाही."

"तुम्हाला जायचंय आबा, म्हणून ऐकू येत नाही," बेरमेत म्हणाली.

जायचं होतं कोचकोरला. बेरमेतच्या लेकाला मुलगा झाला होता आणि उद्या त्याचं बारसं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते घरातल्या सर्वांत मोठ्या माणसानं, म्हणजे आबांनीच. बेरमेतचा नवरा पुढे गेला होता. भाड्याची शेवटची गाडी सकाळीच निघून गेली होती. मध्ये डोलोनची खिंड, आणि संध्याकाळपासून तिथे बर्फ पडणार होता. नवऱ्याने फोनवर बजावलं होतं, "शिटी थांबल्याशिवाय आबांना घेऊन खिंड चढू नकोस. वर बेल्ट तुटला तर पाण्याचा पंप बंद, इंजिन बंद, हीटर बंद."

"आपण नाही पोचलो तर?" तिने विचारलं होतं.

"तर नाव माझा मामा सांगेल."

हे आबांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी ते त्यांना कळलंच. डायनामो आणायला शहरात गेले तेव्हा त्याच फेरीत आबांच्या कानात ऐकू येण्याचं यंत्र बसवून आणलं होतं. तेव्हापासून घरात कुजबुजायची सोय उरली नव्हती.

"तो मामा!" आबा तोलोगोनला म्हणाले. "त्याला स्वतःच्या मेंढ्यांची नावं आठवत नाहीत."

"आबा, आत जा. बायकोने चहा टाकलाय. गाडी गार होऊ दे," तोलोगोन म्हणाला.

आबा आत गेले. बॉनेट उघडं ठेवून दोघं थांबली. वारा असा होता की इंजिन गार व्हायला फार वेळ लागला नाही. तोलोगोनने गाडी चालू केली.

शिटी नाही.

त्याने दिवे लावले, पंखा लावला, म्हणजे डायनामोवर भार यावा. शिटी नाहीच. तरी त्याने बेल्ट थोडा आवळला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि हात पुसले.

"झालं वहिनी. जरा सैल असेल. बसवा आबांना."

आबा बाहेर आले. मोठ्या माणसाला गार गाडीत बसवत नाहीत, म्हणून बेरमेतने नेहमीसारखी गाडी आधी चालूच ठेवली होती. आबा पुढे बसले, कोल्ह्याच्या कातड्याची टोपी कानांवर ओढली आणि म्हणाले, "चला."

शिटी सुरू झाली. बारीक, लांब, दाताला झोंबणारी.

"ऐक!" बेरमेत म्हणाली.

"ऐकतोय," तोलोगोन म्हणाला. "म्हणजे वजन पडल्यावर बोलते."

"माझं वजन?" आबा भडकले. "मेंढीएवढा राहिलोय मी!"

तोलोगोनने गाडी बाजारापर्यंत नेऊन आणली. जाताना शिटी होती. येताना हीटर तापला, आबांनी टोपी मागे सारून कपाळ पुसलं, आणि आवाज गेला.

"बघ, तापली की थांबते," मागून बेरमेत म्हणाली.

"बेल्टचंच लक्षण आहे हे," तोलोगोन म्हणाला. त्याने पुन्हा बॉनेट उघडलं. बेल्टवर पाणी टाकून पाहिलं. इंजिन बंद करून पुलीला पोलादी पट्टी लावून पाहिली, तर डायनामो अगदी सरळ रेषेत बसलेला. बेअरिंग हाताने फिरवलं, लोण्यासारखं फिरलं. मग इंजिन पुन्हा चालू केलं. उघड्या दारातून वारा आत शिरत होता. आबांनी टोपी पुन्हा खाली ओढली आणि शिटी परत सुरू झाली.

बेरमेतने डोंगराकडे पाहिलं. ढग खिंडीवर बसायला लागले होते.

"आबा," ती हळूच म्हणाली, "आपण घरीच राहू. बाळाला उन्हाळ्यात भेटू."

तोलोगोनने इंजिन बंद केलं, आबांनी टोपी मागे सारली. हातमोजे काढून त्यांनी मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "नाव मी ठरवलंय गं. कुणाला सांगितलेलं नाही. नाव पहिल्यांदा बाळानंच ऐकायचं असतं."

तोलोगोनने बेरमेतकडे पाहिलं आणि पाना उचलला.

"एकच गोष्ट राहिलीय," तो म्हणाला. "बेल्टच काढतो. मिनिटभर गाडी त्याच्याशिवाय चालते. शिटी गेली, तर निदान चोर कुठे आहे ते कळेल."

आबांना उतरायला सांगणं दोघांच्याही मनात आलं नाही. तोलोगोनने बेल्ट काढला, हातात गुंडाळला, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. वारा लागला तशी आबांनी टोपी पुन्हा कानांवर ओढली.

इंजिन चालू झालं. शिटी चालूच होती.

तोलोगोनने हातातल्या बेल्टकडे पाहिलं. मग किल्ली उलटी फिरवली. इंजिन बंद पडलं, पंखा थांबला, दिवे विझले.

शिटी चालूच होती.

बेरमेत खिडकीशी आली. तिने एकदा इंजिनाकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे.

"आबा?" ती म्हणाली.

"काय गं?" म्हणत आबांनी नीट ऐकू यावं म्हणून टोपीची कानपट्टी कानातल्या यंत्रावरून वर उचलली, आणि शिटी थांबली.