कुजकं गाडगं

खड्डा कमरेइतका झाला आणि कुदळ बकरीला लागली. नऊ वर्षांपूर्वी पुरलेली. पोट तेवढं काळं होऊन सडलेलं. केस, कातडी, उघडे डोळे जसेच्या तसे. झामा बाजूला वळून ओकला.

"गरवार बाईसारखा काय ओकतोस?" त्याची आत्या सुकली म्हणाली. "इतके उन्हाळे माती भाजली, तिच्यातलं बारीक जित्राब मेलं. पोटातलं तेवढं जगलं, म्हणून पोटच तेवढं कुजतं."

रानभर सागाची पानं गुडघाभर साचली होती. कोरडी, बिनवासाची, कितीतरी वर्षांची.

खड्ड्याच्या कडेला झामाची आई चादरीत गुंडाळून ठेवली होती. "मला त्या बकरीसारखी ठेवू नका," एवढंच तिने मागितलं होतं. त्यासाठी, मेल्यावर अंगावर ओतायला, तिने एक गाडगं जपलं होतं. जुन्या रानातली मूठभर माती, रोज पेज पाजून जिवंत ठेवलेली. झाकण काढलं की बुरशी, अळ्या आणि घरभर दुर्गंधी.

झामाची बायको रुमा ते गाडगं घेऊन धावत आली. गाडगं लख्ख होतं.

"मयत निघालं तसं रीतीप्रमाणे घर धुतलं," ती धापा टाकत म्हणाली. "हेही उकळत्या पाण्याने खंगाळलं. शी, काय घाण होती, आत्याबाई!"

आत्याने आत नाक घातलं. फिनेल.

तिने वहिनीच्या अंगावरची चादर बाजूला केली.

"झामा, इकडे ये. पुन्हा ओक. हिच्या अंगावर."

"आत्या!"

"जिवंत असं तेवढंच उरलंय आपल्याजवळ."

आणि तिने स्वतःच्या घशात दोन बोटं घातली.