चारशे दहा दिवसांचं वर्ष

पीएचडी करणाऱ्या त्या मुलीने सूक्ष्मदर्शकावरून सातव्यांदा डोळे उचलले. भिंगाखाली कोट्यवधी वर्षांपूर्वीचं, दगड झालेलं प्रवाळ होतं; ते जिवंत असताना त्याच्यावर रोज एक बारीक रेघ चढली होती आणि दर वर्षाला एक जाड पट्टा. दोन पट्ट्यांमधल्या रेघा मोजल्या की पृथ्वी स्वतःभोवती जास्त वेगाने फिरायची त्या काळी वर्षाचे दिवस किती होते, ते कळायचं. तिचे दर वेळी तीनशे अठ्ठ्याण्णवच भरत होते. तिच्या मार्गदर्शक बाईंनी तीस वर्षांपूर्वी याच दगडाचा काप काढून चारशे दहा मोजले होते. त्या आकड्यावर बाईंचं सगळं नाव उभं होतं, आणि हिच्या प्रबंधावर सही त्यांचीच लागणार होती.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "किती आले?"

"पुन्हा तेवढेच, बाई. तुमच्यापेक्षा बारा कमी."

"माझा आकडा पाठ्यपुस्तकांत छापलाय, ठाऊक आहे ना?"

"हो."

"मग प्रबंधात काय लिहिणार आहेस?"

चार वर्षांची मेहनत पाण्यात जाताना तिला दिसली. वहीतला आकडा खोडून टाकावा, असंही क्षणभर मनात आलं. मग तिने पेन खाली ठेवलं.

"तीनशे अठ्ठ्याण्णव."

बाई शेजारचं स्टूल ओढून मटकन बसल्या.

"माझा काप कडेला झिजला होता गं. तिथल्या रेघा मी अंदाजाने धरल्या," त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्याआधी सहा जणांना हाच दगड मोजायला दिला. सगळ्यांचे चारशे दहाच आले."